चिमूटभर नव्हे, मोजून : सरबत, वाईन आणि बेदाण्यातील सल्फाइट

घरगुती स्क्वॉशच्या वहीतली शेवटची ओळ बहुधा अशी असते : ‘गार झाल्यावर चिमूटभर केएमएस घालून बाटल्या भराव्यात.’ केएमएस म्हणजे पदार्थ टिकवणारी सल्फाइटची पावडर. ही चिमूट कोणाची, हे वहीत लिहिलेले नसते. सोन्याचांदीसाठी वापरतात तशा नाजूक काट्यावर आमच्या घरातल्या तिघांची चिमूट मी एकदा तोलून पाहिली, तेव्हा सर्वांत लहान चिमूट ०.३ ग्रॅम भरली आणि सर्वांत मोठी ०.९ ग्रॅम. एक किलो स्क्वॉशला कायद्याने चालणारे प्रमाण साधारण ०.६ ग्रॅम आहे. म्हणजे त्याच वहीवरून, त्याच स्वयंपाकघरात एक जण बुरशी येईल इतके कमी घालणार आणि दुसरा मर्यादेच्या दीडपट घालणार. सल्फाइटविषयी आपल्याकडे एक तर ‘थोडे टाकले की टिकते’ असे म्हणतात, नाही तर ‘केमिकल आहे, नकोच’ असे म्हणतात; दोन्ही बोलण्यांत आकडा नसतो. पुढील मजकूर त्या आकड्यासाठी आहे.

पावडरीत नेमके काय असते

केएमएस म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. पांढरी, किंचित ओलसर वाटणारी ही पावडर डबा उघडताच नाकात झणझणते, आणि तो झणका सल्फर डायऑक्साइड वायूचा असतो. पदार्थ टिकवण्याचे काम हा वायूच करतो. पावडर ही केवळ तो वायू सोयीने वाहून नेण्याची रीत आहे. शुद्ध केएमएसच्या वजनापैकी ५७.६ टक्के सल्फर डायऑक्साइड सुटू शकतो. सोडियम मेटाबायसल्फाइटमध्ये हेच प्रमाण ६७.४ टक्के असते, म्हणून एकाच्या जागी दुसरे तेवढ्याच वजनाने घालू नये. नियमांतील सर्व मर्यादा सल्फर डायऑक्साइडच्या वजनात दिलेल्या असतात, पावडरीच्या नव्हे. घरगुती हिशोबातली निम्मी गफलत याच ठिकाणी होते.

हा वायू पाण्यात विरघळल्यावर तीन रूपांत वाटला जातो, आणि त्यांपैकी जंतूंच्या पेशीत शिरून त्यांना मारणारे रूप हे विद्युतभार नसलेले, ‘रेणवीय’ सल्फर डायऑक्साइडचे असते. पदार्थ जितका आंबट, तितके हे रूप जास्त. पीएच (आंबटपणाचे माप; आकडा जितका लहान, तितका आंबटपणा जास्त) ३.० असताना मोकळ्या सल्फर डायऑक्साइडपैकी सुमारे ६ टक्के या कामाच्या रूपात असतो, ३.४ ला अडीच टक्के, आणि ३.८ ला जेमतेम १ टक्का. लिंबाच्या सरबतात केएमएस उत्तम चालते आणि गोड, कमी आंबट रसात तेवढ्याच प्रमाणात घातले तरी बाटली फसफसते, त्याचे कारण हेच आहे. अशा रसात केएमएस वाढवू नये, आंबटपणा वाढवावा.

याशिवाय सल्फर डायऑक्साइड ऑक्सिजनशी स्वतः झुंजतो आणि कापलेल्या फळाला काळे पाडणारे एन्झाइम निकामी करतो. परंतु साखर, ॲसिटाल्डिहाइड आणि रंगद्रव्ये यांच्याशी त्याचा बराचसा भाग जखडला जातो, आणि जखडलेला भाग रक्षणाच्या फारसा कामाचा उरत नाही. ‘एकूण’ आणि ‘मोकळा’ हे दोन आकडे वेगळे ठेवावे लागतात ते यामुळे. कायदा एकूण आकडा पाहतो. बाटली टिकते मोकळ्या आकड्यावर.

पावडर विकत घेताना खाद्यपदार्थांसाठीची घ्यावी, शेतीच्या किंवा छायाचित्रणाच्या कामासाठी विकली जाणारी घेऊ नये. डब्यावर उघडल्याची तारीख घालावी. हवा आणि ओल लागली की तिचे हळूहळू सल्फेट होते, आणि सल्फेट काहीच टिकवत नाही. गठ्ठे झालेली, वर्षापूर्वी उघडलेली, झणका न येणारी पावडर टाकून द्यावी. मात्र झणका येतो का हे पाहण्यासाठी डब्यात नाक खुपसू नये. दम्याच्या रुग्णाने तर हा डबा उघडूच नये.

मोजण्याची सोय : दहा टक्क्यांचे द्रावण

स्वयंपाकघरातला काटा बहुधा एका ग्रॅमच्या टप्प्याने मोजतो. त्यावर ०.६ ग्रॅम मोजणे अशक्य आहे, परंतु १० ग्रॅम बऱ्यापैकी नीट मोजता येतात. म्हणून पावडर मोजण्याऐवजी द्रावण मोजावे.

खुणा असलेल्या काचेच्या भांड्यात ५० ते ६० मिलिलिटर उकळून गार केलेले पाणी घ्यावे, त्यात १० ग्रॅम केएमएस घालून ढवळावे, आणि विरघळल्यावर पाणी वाढवून एकूण आकारमान बरोबर १०० मिलिलिटर करावे. पाणी गरम नसावे, कारण गरम पाण्यात वायू उडून जातो. भांडे स्टीलचे किंवा ॲल्युमिनियमचे नसावे. हे काम खिडकी उघडून, मुलांना दूर ठेवून करावे आणि या वेळी द्रावणात लिंबूसत्त्व अजिबात पडू देऊ नये, कारण आम्ल मिळताच वायू एकदम सुटतो.

अशा द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम केएमएस, म्हणजे सुमारे ५७ मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड असतो. औषधाच्या दुकानात मिळणारी १० मिलिलिटरची सिरिंज, अर्थात सुईविना, यापुढे तुमचे माप. उरलेले द्रावण घट्ट बुचाच्या काचेच्या बाटलीत, ठळक चिठ्ठी लावून ठेवावे आणि आठवडाभरात संपले नाही तर भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडून द्यावे. चिठ्ठी लावण्यात टाळाटाळ करू नये, कारण हे द्रावण दिसायला अगदी पाण्यासारखे असते.

चार किलो संत्र्याचा स्क्वॉश

स्क्वॉशमध्ये निदान २५ टक्के रस असावा, विरघळलेले घन पदार्थ निदान ४० टक्के असावेत आणि सल्फर डायऑक्साइड एका किलोत ३५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा, हे फळप्रक्रियेच्या शिकवणीवर्गांत वर्षानुवर्षे सांगितले जाणारे भारतीय प्रमाण आहे. ३५० ला ०.५७६ ने भागले की ६०८ मिलिग्रॅम केएमएस येते. म्हणजे आपल्या द्रावणाचे किलोमागे ६ मिलिलिटर. एवढे एक सूत्र लक्षात ठेवले तरी पुरते.

संत्री सोलून, पांढरे दोरे काढून रस काढावा आणि गाळून १ किलो घ्यावा. बिया चिरडल्या किंवा सालीचे तेल रसात उतरले, तर स्क्वॉश आठ दिवसांनी कडू लागतो. तो दोष केएमएसच्या माथी मारू नये. वेगळ्या पातेल्यात १.७५ किलो साखर, १.२ लिटर पाणी आणि ४० ग्रॅम सायट्रिक आम्ल घालून साखर विरघळेपर्यंतच तापवावे, एक उकळी आली की उतरवून मळी गाळून घ्यावी. पाक पूर्ण गार होऊ द्यावा. येथे घाई केली तर पुढचे मोजमाप वाया जाते, कारण कोमट पाकातूनही सल्फर डायऑक्साइड निघून जातो आणि आपण ३५० चा हिशोब करून प्रत्यक्षात बरेच कमी घालून बसतो.

गार पाकात रस मिसळावा. आता एकूण वजन करावे. पाण्याची वाफ होऊन ते चार किलोपेक्षा थोडे कमी भरेल, ३.९ किलो भरले, तर ३.९ गुणिले ६ म्हणजे २३ मिलिलिटर द्रावण लागेल. ते वाटीभर स्क्वॉशमध्ये आधी मिसळून मग ती वाटी सगळ्या पातेल्यात ओतावी आणि लाकडी किंवा प्लास्टिकच्या चमच्याने तळापर्यंत ढवळावे. थेट ओतून वरवर ढवळले, तर पहिल्या बाटलीत झणका आणि शेवटच्या बाटलीत बुरशी असा प्रकार होतो. उकळत्या पाण्यातून काढून कोरड्या केलेल्या काचेच्या बाटल्यांत, वर दोन बोटे जागा सोडून स्क्वॉश भरावा. पत्र्याच्या डब्यात भरू नये; कथिल आणि सल्फाइट यांची गाठ पडली की सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि डबा आतून काळा पडतो.

जो स्क्वॉश तीन आठवड्यांत संपणार आहे आणि फ्रीजमध्ये राहणार आहे, त्यात केएमएस घालण्याचे मला कारण दिसत नाही. साखर, आम्ल आणि थंडावा तेवढे दिवस सांभाळून घेतात. उन्हाळ्यात केलेले दिवाळीपर्यंत बाहेरच्या कपाटात ठेवायचे असेल, तेव्हाच या खटाटोपाला अर्थ आहे.

जांभूळ, कोकम, डाळिंब : येथे केएमएस नको

माझे पहिले जांभळाचे सरबत पातेल्यात गर्द जांभळे होते. द्रावण घालून ढवळले आणि पाच मिनिटांत ते विटक्या गुलाबी रंगाचे झाले. सकाळी पाहिले तर जवळजवळ मळकट पांढरे. जांभूळ, कोकम, डाळिंब, करवंद, स्ट्रॉबेरी, काळी द्राक्षे यांचा रंग अँथोसायनिन या द्रव्याचा असतो आणि सल्फाइट त्याला चिकटले की रंग मिटतो. हे बंधन पक्के नसते. त्याच सरबताचा एक पेला मी उकळला, तेव्हा वायू उडून गेल्यावर रंग बराचसा परत आला, मात्र तोवर चव शिजकी झाली होती.

अशा फळांसाठी सोडियम बेंझोएट वापरण्याचा प्रघात आहे. स्क्वॉशमध्ये त्याची मर्यादा बेंझोइक आम्लाच्या हिशोबाने किलोला ६०० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ०.७ ग्रॅम सोडियम बेंझोएट अशी सांगितली जाते. ‘दोन्ही थोडे थोडे घातले की बरे’ या समजुतीने दोन्ही पूर्ण मात्रेत घालू नयेत. कोकमाला तर मिठातला आगळ किंवा साखरेतले अमृत कोकम हे जुने मार्ग असताना दोन्ही पावडरींची गरज नाही. कोकणातल्या बरण्या यांवाचूनच वर्षभर टिकत आल्या आहेत.

एका पेल्यात किती, आणि किती चालते

अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने सल्फाइटांसाठी ठरवलेले दैनिक सेवन, सल्फर डायऑक्साइडच्या हिशोबाने, शरीराच्या वजनाच्या किलोमागे ०.७ मिलिग्रॅमपर्यंत आहे. ६० किलोच्या माणसाला ४२ मिलिग्रॅम. २० किलोच्या मुलाला १४.

आता आपला स्क्वॉश पाहू. पेल्यात ५० मिलिलिटर स्क्वॉश घालून तीनपट पाणी घातले, तर स्क्वॉशचे वजन ६० ग्रॅमच्या आसपास असते आणि त्यात पूर्ण मर्यादेइतके सल्फाइट असेल तर २१ मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड येतो. मोठ्या माणसाचे निम्मे भागले, पण पहिलीतल्या मुलाची दिवसाची मर्यादा एकाच पेल्याने ओलांडली. साठवणीत हे प्रमाण काहीसे घटते, आणि दैनिक सेवनाचा आकडा आयुष्यभर रोज घेण्याच्या हिशोबाचा असतो, त्यामुळे वाढदिवसाच्या एका पेल्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मूल रोज तीन पेले पीत असेल, तर मात्र कारण आहे. मुलांसाठीच्या बाटल्यांत मी किलोला ६ ऐवजी ३ मिलिलिटर द्रावण घालते आणि त्या फ्रीजमध्ये ठेवते.

हा ०.७ चा आकडाही दगडावरची रेघ नव्हे. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये तो तात्पुरता म्हणून कायम ठेवला होता; २०२२ मध्ये मज्जासंस्थेवरील परिणामांच्या अभ्यासांचा विचार करून आणि पुरेशी माहिती नसल्याचे सांगून तो मागे घेतला. सल्फाइट असलेले पदार्थ जास्त प्रमाणात खाणाऱ्यांच्या बाबतीत सुरक्षिततेची चिंता असू शकते, असा त्यांचा निष्कर्ष होता. बंदी आलेली नाही, पण ‘मर्यादेत आहे ना’ एवढ्यावर निर्धास्त होण्याचे दिवस गेले, असा मी याचा अर्थ लावते.

निरोगी शरीर सल्फाइटला अगदी अनोळखी नाही. गंधकयुक्त अमिनो आम्लांच्या विघटनात ते शरीरात रोजच तयार होते आणि सल्फाइट ऑक्सिडेज नावाचे एन्झाइम त्याचे निरुपद्रवी सल्फेट करते. अन्नातल्या बी-१ जीवनसत्त्वाचा मात्र सल्फाइट नाश करते, म्हणूनच अमेरिकेत मांसासारख्या बी-१ च्या स्रोतांत ते वापरण्यास मनाई आहे.

वाईनमध्ये : पीएच पाहिल्याशिवाय चमचा उचलू नये

महाराष्ट्रात मद्य तयार करण्यास राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. त्यामुळे हा भाग लहान वायनरीत काम करणाऱ्यांसाठी, आणि घरगुती वाईन कायदेशीर असलेल्या देशांत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे.

आकडेमोडीसाठी २० लिटर लाल वाईन धरू. द्राक्षे चुरडल्यावर रानटी यीस्ट आणि जिवाणू आवरण्यासाठी लिटरला ३० ते ५० मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड देतात. घड निरोगी असतील तर खालचा आकडा, फुटके-कुजके मणी निवडूनही शंका उरली तर वरचा. ५० धरल्यास २० लिटरला १००० मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या द्रावणाचे साडेसतरा मिलिलिटर. नंतर अर्धा ते एक दिवस थांबून निवडक यीस्ट घालावे. लगेच घातले तर पहिला मार त्यालाच बसतो.

आंबवण चालू असताना सल्फाइट घालू नये. त्या काळात यीस्ट ॲसिटाल्डिहाइड सोडत असते आणि घातलेले सगळे त्याच्याशी जखडले जाते. एकूण आकडा वाढतो, रक्षण शून्य. लाल वाईनमध्ये मॅलिक आम्लाचे लॅक्टिक आम्ल करणारे दुसरे आंबवण हवे असेल, तर ते पुरे होईपर्यंतही थांबावे, कारण ते जिवाणू सल्फाइटला फार नाजूक असतात.

त्यानंतरचा प्रश्न असा की मोकळा सल्फर डायऑक्साइड किती हवा. याचे उत्तर पीएचवर आहे. पांढऱ्या वाईनसाठी रेणवीय रूप लिटरला ०.८ मिलिग्रॅम असावे असे धरले, तर पीएच ३.२ ला मोकळा २० मिलिग्रॅम पुरतो, ३.४ ला ३२, ३.६ ला ५० आणि ३.८ ला जवळजवळ ८० लागतो. लाल वाईनमध्ये टॅनिनही रक्षणाला असल्याने ०.५ चे लक्ष्य ठेवतात; तेव्हा ३.६ ला सुमारे ३१ पुरतो. उष्ण हवामानात द्राक्षे पिकता पिकता आम्ल गमावतात आणि पीएच चढतो. नाशिक भागात जानेवारी ते मार्च या तोडणीच्या दिवसांत चार दिवस उशीर झाला की साखर वाढल्याचा आनंद होतो, पण सल्फाइटचा खर्च आणि मात्रा दोन्ही वाढतात. तोडणीची वेळ आणि टार्टारिक आम्लाची दुरुस्ती हाच सल्फाइट कमी वापरण्याचा खरा मार्ग आहे.

समजा आपल्या वाईनचा पीएच ३.६ आहे आणि मोकळा सल्फर डायऑक्साइड १० भरला. तूट २१ मिलिग्रॅम, २० लिटरला ४२०. घातलेल्यापैकी तिसरा हिस्सा जखडला जाईल असे धरून ६३० मिलिग्रॅम घालावे, म्हणजे ११ मिलिलिटर. दोन दिवसांनी पुन्हा मोजावे. दर आठवड्याला थेंब थेंब घालत राहण्यापेक्षा एकदाच नीट मात्रा देणे चांगले. थेंबांतली प्रत्येक मात्रा जखडली जाते आणि शेवटी एकूण आकडा फुगतो.

मोजण्यासाठी आयोडीन वापरणारी रिपर पद्धत स्वस्त आणि झटपट आहे. लाल वाईनमध्ये मात्र आयोडीन इतर द्रव्यांशीही अभिक्रिया करते आणि आकडा खऱ्यापेक्षा मोठा दिसतो, म्हणजे रक्षण आहे असे वाटते आणि ते नसते. लाल वाईनसाठी हवा फुंकून वायू वेगळा काढणारी पद्धत वापरावी किंवा प्रयोगशाळेत पाठवावे. बाटल्या भरताना हवा मिसळू देऊ नये, कारण विरघळलेला १ मिलिग्रॅम ऑक्सिजन सुमारे ४ मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड खाऊन टाकतो. पिंप अर्धे रिकामे ठेवून वर सल्फाइट ओतणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणे.

वरची मर्यादा देशागणिक वेगळी आहे. युरोपीय संघात कोरड्या लाल वाईनला लिटरमागे एकूण १५० मिलिग्रॅम आणि पांढरीला २०० पर्यंत मुभा आहे, अमेरिकेत ३५० पर्यंत. सल्फाइट मुळीच नसलेली वाईन जवळजवळ नसतेच; काहीही न घालताही यीस्ट स्वतः थोडे तयार करते. ‘सल्फाइट घातलेले नाही’ आणि ‘सल्फाइट नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत. लाल वाईनने डोके दुखते ते सल्फाइटमुळे, हा समज तर सरळ उलटा पडतो, कारण पांढऱ्या वाईनमध्ये ते सहसा जास्त असते, आणि मूठभर बेदाण्यांत पेलाभर वाईनपेक्षा जास्त असू शकते.

बेदाणा, जर्दाळू, गूळ, कोळंबी : विकत घेताना

सांगली-तासगाव भागात द्राक्षाचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात. लिटरला साधारण २५ ग्रॅम कार्बोनेट आणि १५ मिलिलिटर तेल घातले की सालीवरच्या मेणात बारीक भेगा पडतात आणि शेडमधल्या जाळ्यांवर, सावलीत, पंधरा-सतरा दिवसांत बेदाणा वाळतो. येथवर सल्फाइटचा संबंध नाही. तो येतो पिवळ्याधमक रंगासाठी बंद खोलीत दिल्या जाणाऱ्या गंधकाच्या धुरीत. गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो आणि मणी तो शोषून घेतात. एकसारखा, काचेसारखा पिवळा बेदाणा धुरीचा समजावा. तपकिरीकडे झुकणारा बहुधा कमी धुरीचा. बियांचा काळा मनुका बहुधा विनाधुरीचा. बेदाण्यात किलोला १००० मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड असेल, तर ३० ग्रॅममध्ये ३० मिलिग्रॅम होतो. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून ते पाणी फेकले की मोकळा भाग काही प्रमाणात जातो. जखडलेला जात नाही.

जर्दाळूचा नियम याहून सोपा आहे. नारिंगी आणि मऊ जर्दाळू सल्फाइटचा, करडा-तपकिरी आणि चिवट जर्दाळू त्याविना वाळवलेला. चवीला मला दुसराच आवडतो.

गुळाची गोष्ट वेगळी आणि अधिक नाराज करणारी आहे. काही गुऱ्हाळांत रंग उजळण्यासाठी काहिलीत ‘हायड्रॉस’ टाकतात. ते केएमएस नव्हे, सोडियम हायड्रोसल्फाइट आहे, आणि त्याचे काम टिकवणे नसून केवळ गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना रिझवणे आहे. असा गूळ ठेवणीत पुन्हा काळपट होतो. भेंडीच्या चिकट रसाने मळी काढणारे गुळव्ये कोल्हापूर भागात अजून आहेत, आणि त्यांची ढेप तांबूसच असते. पिवळा गूळ मागणारे आपणच आहोत, हेही येथे नोंदवून ठेवते.

कोळंबीच्या डोक्याजवळ काळे डाग पडू नयेत म्हणून ती सोडियम मेटाबायसल्फाइटच्या पाण्यात बुडवतात. आंतरराष्ट्रीय कोडेक्स प्रमाणात कच्च्या कोळंबीच्या खाण्यायोग्य भागात किलोला १०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. धुण्याने आणि शिजवण्याने ते कमी होते.

पाकिटावर ‘सल्फाइट’ हा शब्द शोधण्याबरोबर २२० ते २२८ हे आकडेही शोधावेत. २२० म्हणजे सल्फर डायऑक्साइड, २२३ सोडियम मेटाबायसल्फाइट, २२४ आपले केएमएस. आकड्यापूर्वी आयएनएस किंवा ई लिहिलेले असते. ‘क्लास टू प्रिझर्व्हेटिव्ह’ एवढेच लिहिले असेल तर आकडा पाहावा, कारण बेंझोएट (२११) त्याच वर्गात मोडते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांनुसार किलोला १० मिलिग्रॅम किंवा अधिक सल्फाइट असेल, तर ते ॲलर्जीच्या सूचनेत सांगणे बंधनकारक आहे. सुट्या बेदाण्याला आणि गुळाच्या ढेपेला लेबल नसते. तेथे रंग आणि दुकानदाराशी असलेली ओळख एवढाच आधार.

कोणी दूर राहावे

दम्याच्या रुग्णांपैकी साधारण ३ ते १० टक्के लोक सल्फाइटला संवेदनशील असल्याचे सांगितले जाते, आणि ज्यांचा दमा तीव्र आहे किंवा ज्यांना रोज स्टेरॉइड लागते त्यांच्यात हे प्रमाण जास्त आढळते. छाती आवळणे, शिट्टीसारखा श्वास, खोकल्याची उबळ, कधी अंगावर गांधी अशी लक्षणे बहुधा काही मिनिटांतच दिसतात. आंबट सरबत यात जास्त त्रासाचे, कारण गिळतानाच त्यातला वायू सुटून श्वासनलिकेत जातो. अमेरिकेत सॅलडच्या ताज्या भाज्यांवर फवारलेल्या सल्फाइटमुळे दमेकऱ्यांचे मृत्यू झाल्याच्या नोंदींनंतर, कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या फळभाज्यांवरील त्याचा वापर १९८६ मध्ये बंद करण्यात आला.

असा संशय असेल तर घरी ‘थोडे पिऊन बघू’ असा प्रयोग करू नये. ही चाचणी इस्पितळात, डॉक्टरांसमोर करण्याची आहे. घरात असा रुग्ण असेल तर स्क्वॉशचे दोन गट करावेत, केएमएसच्या बाटलीला लाल दोरा बांधावा, आणि पाहुण्याच्या हाती पेला देताना विचारावे. बाळांना धुरीचा बेदाणा किंवा टिकवलेले सरबत देऊ नये. अशा रुग्णाने दंतवैद्याला आणि भूलतज्ज्ञालाही आपली संवेदनशीलता आधी सांगावी, कारण काही इंजेक्शनांतही सल्फाइट असते. जीव वाचवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या ॲड्रेनलिनच्या काही इंजेक्शनांत ते असते, पण तीव्र ॲलर्जीच्या झटक्यात त्या कारणाने ॲड्रेनलिन नाकारू नये. त्यातली सल्फाइटची मात्रा अल्प असते आणि त्या क्षणी औषधाचा उपयोग कितीतरी मोठा असतो.